दाव्याची लांबी

बाहेर जायचं ठरलं की आई पाणी पिणं थांबवते. अकराला निघायचं असेल तर नऊनंतर एक घोट नाही. तिच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर ग्लास असतो, त्यावर स्टीलची ताटली झाकलेली. "आल्यावर पिते," असं म्हणत ती ताटली बोटानं जरा नीट बसवते, पर्स घेते आणि चपला शोधू लागते. आल्यावर पहिलं काम मात्र पाणी पिण्याचं नसतंच. पिशवी दारातच टाकून ती आत जवळजवळ धावत जाते. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या बाईला असं धावताना बघवत नाही.

बरीच वर्षं मला हा तिचा हट्ट वाटायचा. वय झालं की माणसाला चार सवयी जडतात, त्यातलीच ही एक. या वयात पाणी कमी पडलं की लघवीचा त्रास होतो, हे डॉक्टरांनी दोनदा समजावून झालंय. ती मान डोलावते आणि ताटली झाकते. मग एकदा मुलीची शाळेची बाटली घासायला घेतली, तर ती गळ्यापर्यंत भरलेली. दुसऱ्या दिवशीही तेच. विचारलं तर खांदे उडवून म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं मग." बारा वर्षांची पोर! हे तिला कुणी शिकवलं, म्हणून मी जरा चिडलेच. आणि चिडता चिडता लक्षात आलं की लांबची कामं असतात त्या दिवशी मीही सकाळपासून पाणी मोजूनमापूनच पिते. घरात तीन पिढ्यांच्या तीन बायका, आणि आमच्यात एकमेकींशी कधीही न बोललेला एकच हिशेब.

गाय दाव्याला बांधलेली असते तेव्हा ती चरते, फिरते, शेपटी हलवते. दोरी संपली की मान आपोआप मागे वळते. खुंटा दिसत नसला तरी कुठे आहे ते तिला पक्कं ठाऊक असतं. आमचंही तसंच. घरचं न्हाणीघर हा खुंटा, आणि दोन-अडीच तास ही दोरी. तेवढ्यात काय आटपेल ते आटपायचं. शहरांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या गोष्टीला इंग्रजीत जवळपास असंच नाव दिलंय, हे मला नंतर वाचताना कळलं, आणि आपण एकट्याच नाही म्हणून उगाच बरं वाटलं.

हे दावं तसं फार जुनं. लंडनमध्ये 1851 साली मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं, तेव्हा जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या माणसानं तिथे पाण्यानं धुतली जाणारी सार्वजनिक स्वच्छतागृहं बसवली. वापरायला एक पेनी. प्रदर्शन संपेपर्यंत सव्वाआठ लाखांहून जास्त लोकांनी पैसे मोजून ती वापरली. म्हणजे गरज आहे की नाही या प्रश्नाचं उत्तर तेव्हाच मिळालं होतं, आकड्यासकट. तरी त्यानंतर शहरांनी जी सोय उभारली ती मुख्यतः पुरुषांची. पॅरिसच्या रस्त्यांवर तर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पुरुषांसाठी मुताऱ्यांचे खांब उभे राहिले होते. बायकांनी घरी जावं, हा हिशेब कुणी कागदावर लिहिला नाही, पण रस्त्यावर तो स्पष्ट वाचता येत होता.

1900 च्या सुमारास लंडनच्या कॅम्डन भागात बायकांसाठी स्वच्छतागृह बांधायचं घाटत होतं. नाटककार बर्नार्ड शॉ तेव्हा तिथल्या स्थानिक मंडळाचे सभासद होते आणि त्यांचा या गोष्टीला पाठिंबा होता. रस्त्यात अडचण होते का ते बघायला म्हणून नियोजित जागेवर लाकडाचा एक नमुना उभा केला गेला. झालं, येणाऱ्याजाणाऱ्या गाडीवाल्यांनी त्याला धडका द्यायला सुरुवात केली. मुद्दाम. म्हणजे बघा, अडचण होतेच आहे! एरवी त्याच रस्त्यावर त्यांना खांब चुकवता येत होते, दिवे चुकवता येत होते, माणसंही चुकवता येत होती. मला ही गोष्ट वाचून हसू आलं, मग राग आला, आणि मग सगळ्यात शेवटी ती फारच ओळखीची वाटली.

पण मी आईबद्दल सांगत होते.

ऑपरेशननंतर तिला रोज थोडं चालायला सांगितलंय. डोळ्यांच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता जेमतेम आठशे मीटर. म्हणून आम्ही तिथवर चालत जातो. पहिले काही दिवस मला वाटायचं की तिला बोलायची हुक्की आलीय. शंभर-सव्वाशे पावलं झाली की ती थांबायची, माझ्याकडे वळायची आणि म्हणायची, "अगं, तू मघाशी काय म्हणत होतीस?" मी मघाशी काहीच म्हणत नसायचे. कधी पर्समध्ये किल्ली आहे ना ते बघायची. कधी एखाद्या झाडाकडे बोट दाखवून त्याचं नाव विचारायची, जे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. हे सगळं दम खायला होतं, हे कळायला मला आठवडा लागला. भर रस्त्यात नुसतं उभं राहणं तिला चोरट्यासारखं वाटतं. थांबायला काहीतरी कारण हवं, आणि "दमले" हे कारण तिला पुरेसं वाटत नाही.

मग मी मोजायला लागले. त्या आठशे मीटरमध्ये तिला टेकता येईल अशा जागा किती? एका इमारतीची बुटकी भिंत, पण तिच्यावर सिमेंटमध्ये काचा रोवलेल्या. एका बंद कार्यालयाच्या पायऱ्या, पण एवढ्या खाली की बसलं तर उठवायला दोघं लागतील. एका मोठ्या झाडाभोवती गोल कठडा आहे, छान कंबरेच्या खालच्या उंचीचा, सावलीतला. त्यावर कुणीतरी लोखंडी टोकं बसवलीत. आणि खराखुरा म्हणावा असा एकच बाक. तो रस्त्याकडे तोंड करून आहे, म्हणजे बसलं की गाड्यांचा धूर थेट नाकात. पाठ नाही. बैठक पत्र्याची आणि माथ्यावर ऊन, त्यामुळे दुपारी हात लावला तरी चटका बसतो. आणि मधोमध दोन लोखंडी कमानी.

त्या कमानींकडे मी बराच वेळ बघत होते. बाकाला दोन्ही टोकांना हात असले तर म्हातारं माणूस त्यांवर जोर देऊन उठतं. आई खुर्चीतून उठताना नेहमी तळहात आधी टेकते, मग खांदे पुढे, मग गुडघे. तिला त्या हातांची गरज पायांइतकीच आहे. इथे मात्र हात टोकांना नव्हते, मध्ये होते. ते उठायला मदत व्हावी म्हणून बसवलेच नव्हते. कुणी आडवं होऊ नये म्हणून होते. बाक बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर माझी आई नव्हती. एक झोपणारा माणूस होता, आणि त्याला उठवायच्या नादात आईला उठता येणार नाही हे त्याच्या लक्षात आलं नाही.

या विचारसरणीचं टोक लंडनमध्येच बघायला मिळतं. 2012 मध्ये कॅम्डनमध्ये (पुन्हा कॅम्डनच!) काँक्रीटचा एक बाक बसवला गेला. त्याच्या सगळ्या कडा तिरक्या. त्यावर झोपता येत नाही, स्केटबोर्ड चालवता येत नाही, खाली काही लपवता येत नाही, वर भित्तिपत्रक चिकटत नाही. काय काय करता येत नाही याची एवढी लांबलचक यादी मिरवणारी दुसरी वस्तू माझ्या तरी पाहण्यात नाही. बसता येतं म्हणे. थोडा वेळ.

उलट बाजूचं उदाहरण मला जास्त आवडतं. विल्यम व्हाइट नावाचे एक अमेरिकन गृहस्थ 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांत आणि मोकळ्या जागांत कॅमेरे लावून माणसं बघत बसायचे. काही जागा गजबजलेल्या आणि काही ओस का, हा त्यांचा प्रश्न. ऊन, आकार, सौंदर्य, सगळं तपासून झालं. सापडलं काय, तर जिथे बसायला जागा आहे तिथे लोक बसतात. एवढंच! त्यांनाही हे सांगताना थोडं ओशाळल्यासारखं व्हायचं. पण त्यांनी आणखी दोन गोष्टी टिपल्या, त्या मला विसरता येत नाहीत. एक म्हणजे, सुटी खुर्ची दिली तर माणूस बसण्याआधी ती जराशी सरकवतो. चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे. कधीकधी सरकवून पुन्हा होती तिथेच आणतो. त्या सरकवण्यात त्याची झाली ती खुर्ची. आणि दुसरी म्हणजे, एखाद्या जागी बायकांचं प्रमाण जास्त दिसलं तर ती जागा चांगली चाललीय असं समजावं. बायका बसण्याची जागा पारखून घेतात. याला मी पुस्तकी शोध म्हणणार नाही. कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण कुणीतरी कॅमेरा लावून मोजलं, हे बरं झालं.

ब्रिटनच्या वाहतूक खात्याची एक मार्गदर्शिका आहे, अपंग आणि वृद्ध लोकांना रस्ते कसे वापरता यावेत याबद्दलची. तिच्यात वर्दळीच्या पायवाटांवर दर पन्नास मीटरला बसायची सोय असावी असं म्हटलंय. पन्नास मीटर! मी आमच्या रस्त्याचा भागाकार केला. आठशे भागिले पन्नास, सोळा. सोळा बाक. आमच्याकडे एक, तोही तापलेला. सोळा ठिकाणी आईला "तू मघाशी काय म्हणत होतीस" असं विचारावं लागलं नसतं.

मराठीत आपण कुणाची तरी वाट बघतो. थांबण्यासाठी आपल्या भाषेत असलेला शब्दच रस्त्याकडे बोट दाखवतो. रस्ता म्हणजे जाण्याची गोष्ट आणि थांबण्याचीही, हे ज्यांनी हा वाक्प्रचार रुळवला त्यांना वेगळं सांगावं लागलं नसणार. नंतर केव्हातरी रस्त्यांची आखणी करणाऱ्यांच्या हिशेबात फक्त जाणं उरलं. किती गाड्या, किती वेगानं, किती मिनिटांत. थांबलेला माणूस त्या हिशेबात अडथळा म्हणून येतो, आला तर.

पाण्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. 1854 मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलरा पसरला आणि डॉक्टर जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून दाखवलं की रोगाचं मूळ ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपात आहे. पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातली ही मोठी घटना, पण मला तिची दुसरी बाजू नेहमी कुतूहलाची वाटते. रस्त्यावरचं पाणी पिऊ नये, हे लोकांच्या मनात बसल्यावर ते पाणी पुन्हा विश्वासाचं कसं झालं? त्यासाठी कुणाला तरी मुद्दाम खपावं लागलं. पाचच वर्षांनी, 1859 मध्ये, लंडनमध्ये मोफत आणि स्वच्छ पाण्याचे नळ बसवण्यासाठी एक संस्था निघाली आणि एका चर्चच्या कठड्यात तिचा पहिला नळ बसला. पुढे या संस्थेनं जनावरांसाठी हौदही बांधले. रस्ता घोड्यांचाही होता तेव्हा, आणि घोड्यालाही तहान लागते हे धरून चाललं जायचं.

पॅरिसमध्ये 1870-71 च्या वेढ्यात आणि त्यानंतरच्या धुमश्चक्रीत पाण्याची व्यवस्था मोडली. पाणी महाग झालं. गरिबाला पाण्यापेक्षा दारू परवडायची. तिथे राहणाऱ्या रिचर्ड वॉलेस या श्रीमंत इंग्रजानं 1872 पासून शहराला पाण्याची कारंजी दिली. गडद हिरव्या रंगाची, ओतीव लोखंडाची, चार स्त्रियांनी डोक्यावर घुमट पेललेला आणि मधून पाण्याची बारीक धार पडणारी. आजही ती वापरात आहेत. पूर्वी त्यांना साखळीनं बांधलेले पेले असायचे. जो येईल तो त्याच पेल्यानं पाणी प्यायचा. 1952 मध्ये आरोग्याच्या कारणावरून ते पेले काढले. बरोबरच केलं. तरी त्या साखळीकडे, म्हणजे तिच्या फोटोकडे, मी पुन्हापुन्हा बघते. पेला कुणी नेऊ नये म्हणून साखळी. आणि अनोळखी माणसानं उष्टा केलेला पेला दुसऱ्यानं तोंडाला लावायचा, एवढा भरवसा. अविश्वास आणि विश्वास एकाच कडीत अडकवलेले.

रोममधले नळ त्याहून साधे. बुटका लोखंडी खांब आणि त्यातून नाकासारखी वाकलेली तोटी. लोक त्यांना लाडानं मोठं नाकच म्हणतात. 1870 च्या दशकापासून ते आहेत, आणि त्यांची संख्या दोन हजारांच्या वर आहे. त्यातून पाणी सतत वाहतं. त्यांची गंमत अशी की तोटीच्या पाठीवर वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं. खालचं तोंड बोटानं दाबून धरलं की त्या भोकातून पाण्याची कमान वर उडते, आणि वाकून, तोटीला तोंड न लावता, पाणी पिता येतं. पेला नको, साखळी नको. ज्यानं कुणी ते भोक पाडलं त्यानं माणसाचं बोट आणि माणसाचे ओठ यांच्यातलं अंतर नीट बघितलं असणार. सतत वाहणारं पाणी ही उधळपट्टी आहे असंही म्हणतात. 2017 च्या दुष्काळात त्यातले बरेच नळ बंद करायला घेतले होते, तेव्हा शहरात पुष्कळ आरडाओरडा झाला.

आमच्या रस्त्यावरही एक नळ बसवला गेला होता. हार, फोटो, सगळं झालं. ज्यांनी बसवला त्यांची नावं कोरलेली फरशी नळाच्या सहापट मोठी होती. मी मोजली नाही, पण पाचपट तरी नक्की. खाली सांडलेलं पाणी जायला मात्र वाट ठेवली नव्हती. आठवड्यात डबकं झालं. पंधरवड्यात शेवाळ. एक बाई घसरल्या. महिन्याभरात तोटी ढिली झाली आणि नळ रात्रंदिवस ठिबकायला लागला, मग कुणीतरी तिला कापड गुंडाळलं, मग कुणीतरी मुख्य चावीच बंद केली. आता फरशी आहे, नावं आहेत, आणि तोटीच्या जागी लाकडाची खुंटी ठोकलेली आहे. माझी मुलगी लहान असताना तिचा हात त्या तोटीपर्यंत पोचतच नव्हता. एका उंचीचा नळ म्हणजे एका उंचीच्या माणसाचा नळ. दोन तोट्या, एक खाली आणि एक वर, यात काही फार मोठं शास्त्र नाही.

पण समजा तो नळ नीट असता, तरी आईनं तिथे पाणी प्यायलं असतं का? नसतं प्यायलं. कारण पुढे स्वच्छतागृह नाही. इथे माझं घोडं नेहमी अडतं. सोयींची चर्चा सुटी सुटी होते. बाकांचं काम एकाकडे, पाण्याचं दुसऱ्याकडे, स्वच्छतागृहाचं तिसऱ्याकडे, दिव्यांचं चौथ्याकडे. चालणाऱ्या माणसाच्या शरीरात मात्र हे सगळं एकाच ठिकाणी आहे. पाणी प्यायलं की जावं लागतं. जायचं तर हातातल्या पिशव्या सांभाळायला बरोबरचं माणूस बाहेर थांबलं पाहिजे, त्याला बसायला जागा हवी. संध्याकाळी दिवा नसेल तर तिथे कुणी पाऊल टाकणार नाही. दारापर्यंत एक जरी पायरी असली तरी चाकाच्या खुर्चीतल्या माणसासाठी ते दार भिंतच. साखळीची एक कडी तुटली की बाकीच्या कड्या नुसतं लोखंड. नळावर गर्दी दिसत नाही म्हणून लोकांना नळ नको असा अर्थ काढला जातो, आणि नळाचं अपयश खरं तर शंभर पावलांवर न बांधलेल्या स्वच्छतागृहाचं असतं.

आंधळ्यांसाठी पायवाटेवर उंचवट्याच्या पिवळ्या फरश्या बसवतात, त्यांचीही हीच कथा. जपानमधल्या सेईची मियाके यांनी 1965 मध्ये त्या शोधून काढल्या, आणि 1967 मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसल्या. लांब रेघा म्हणजे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा. पायाच्या तळव्याला वाचता येणारी दोन अक्षरांची लिपी. आमच्याकडेही बसल्यात. ओळ सुरेख सरळ जाते आणि विजेच्या खांबात शिरते. ठिपके नाहीत, इशारा नाही, सरळ खांब. फरशीवाल्यानं फरशी बसवली, खांबवाल्यानं खांब.

जमिनीखाली हेच लोक किती नीट एकत्र नांदतात! लंडनला 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीनं संसदेत बसणं अशक्य झालं, तेव्हा जोसेफ बॅझलजेट या अभियंत्यानं भुयारी गटारांचं जाळं बांधायला घेतलं. नदीकाठच्या व्हिक्टोरिया एम्बँकमेंटच्या पोटात त्यानं एक मोठं गटार घातलं, भुयारी रेल्वेला वाट दिली, आणि वर रस्ता, झाडं, बागा. 1870 मध्ये ते खुलं झालं. एकाच खोदाईत शहराची घाण, शहराची रेल्वे आणि शहराचा फेरफटका. आपण रस्ता म्हणतो तेव्हा वरचं डांबर बघतो. त्याखाली पाणी आहे, सांडपाणी आहे, वीज आहे, तारा आहेत. रस्ता आधीपासूनच घरांना सेवा पुरवतोय. फक्त त्याच्यावरून चालणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. पायाखालून पाणी वाहतं आणि वर माणूस तहानलेला.

जागा नाही, हे नेहमीचं उत्तर. यावर मला सॅन फ्रान्सिस्कोतल्या काही मंडळींनी 2005 च्या नोव्हेंबरात केलेला उद्योग आठवतो. त्यांनी गाडी लावण्याच्या जागेच्या मीटरमध्ये रीतसर पैसे टाकले, आणि गाडीऐवजी हिरवळीचा तुकडा पसरला, एक बाक ठेवला, कुंडीतलं झाड ठेवलं. दोन तास. लोक येऊन बसले. वेळ संपल्यावर सगळं उचललं, जागा झाडली आणि निघून गेले. एक गाडी जेवढ्या जागेत दिवसभर झोपा काढते तेवढ्यात किती माणसं टेकू शकतात, हे त्यांनी न भांडता दाखवलं. त्यातूनच पुढे रस्त्याकडेच्या छोट्या बैठकांची कल्पना अनेक शहरांत गेली.

त्याच शहरात डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड यांनी 1969 च्या सुमारास एकमेकांसारख्या तीन निवासी रस्त्यांचा अभ्यास केला होता. एकावरून दिवसाला सुमारे दोन हजार गाड्या जायच्या, दुसऱ्यावरून आठ हजार, तिसऱ्यावरून सोळा हजार. कमी रहदारीच्या रस्त्यावरच्या लोकांना त्याच रस्त्यावर जास्त रहदारीवाल्यांच्या तिप्पट मित्र होते. त्यांनी लोकांना आपली 'घराची हद्द' नकाशावर काढायला सांगितली, तर शांत रस्त्यावरच्यांनी सगळा रस्ता आपला म्हणून दाखवला आणि गजबजलेल्या रस्त्यावरच्यांनी जेमतेम आपली इमारत. सोयींची यादी करताना हे विसरलं जातं. साठच्या वेगानं अंगावरून गाड्या जात असतील तर सोळा बाक ठेवूनही कुणी बसणार नाही. अ‍ॅपलयार्ड स्वतः 1982 मध्ये अथेन्समध्ये भरधाव गाडीखाली गेले. हे वाक्य लिहिताना दर वेळी माझा हात थांबतो.

बांधणं त्यातल्या त्यात सोपं असतं, राखणं कठीण. स्वच्छतागृहाचं उद्घाटन एकदाच होतं, ते धुवावं दिवसातून चार-सहा वेळा लागतं. टोकियोत वास्तुकार शिगेरू बान यांनी 2020 मध्ये एका बागेत रंगीत काचेची स्वच्छतागृहं उभारली. रिकामी असताना आरपार दिसतात, आतून कडी लावली की काच अपारदर्शक होते. जगभर त्याचे फोटो गेले, आणि लोकांनी जादू म्हणून बघितलं. मला त्यात जादूपेक्षा एका बाईच्या मनातले दोन प्रश्न ऐकलेले दिसतात. आत स्वच्छ आहे का, आणि आत कुणी दबा धरून बसलंय का. दोन्हींची उत्तरं दाराला हात लावायच्या आधीच मिळतात.

पण काचेच्या भिंती नसल्या तरी चालतं. जर्मनीतल्या आलेन या गावानं 2000 साली वेगळी युक्ती काढली. खाणावळी आणि दुकानांमध्ये स्वच्छतागृहं आहेतच, रोज धुतलीही जातात. गावानं त्यांना दरमहा थोडे पैसे द्यायचे, त्यांनी दारावर एक स्टिकर लावायचं, आणि कुणीही आत येऊन, काही विकत न घेता, वापरून जायचं. ही पद्धत मग तिथल्या पुष्कळ गावांनी उचलली. वीट न रचता गावभर स्वच्छतागृहं झाली! खरं काम त्या स्टिकरनं केलं. काही विकत न घेता आत शिरताना जो संकोच होतो, मालकाकडे बघावं की खाली मान घालून जावं हा जो गोंधळ असतो, तो त्यानं पुसला. दावं म्हणजे गळ्यातली दोरी आणि दावा म्हणजे हक्क, पण सामान्यरूप दोघांचं एकच होतं. आलेनच्या त्या दारांवर दोरी सैल झाली की हक्क मान्य झाला, व्याकरणानं काय म्हणायचं ते म्हणावं.

आमच्या त्या आठशे मीटरच्या साधारण मध्यावर एक छोटं वाचनालय आहे. आम्ही रोज त्यावरून जातो. गेल्या महिन्यात आई तिथे थांबली, माझ्याकडे वळली, आणि यावेळी तिनं काहीच विचारलं नाही. चेहरा पांढरा पडला होता. दारात बसलेला मुलगा, विशी-बाविशीचा असेल, उठला आणि त्याची खुर्ची त्यानं बाहेर आणून ठेवली. प्लॅस्टिकची, दोन्ही बाजूंना हात असलेली. आईनं बसण्याआधी ती जराशी सरकवली.

थोड्या वेळानं तिनं त्याला हळूच काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "आजी, आत डाव्या हाताला. विचारत नका जाऊ, सरळ जात जा." ती गेली. आली तेव्हा पदर सारखा करत होती, आणि मुलाला म्हणाली, "आत दिवा नीट आहे रे बाळा, कडीपण लागते." जसं काही एखादं घर बघून आली होती.

त्यानंतर त्या खुर्चीचा मुक्काम दारातच असतो. वाचनालय गुरुवारी बंद असतं, म्हणून आम्ही गुरुवारी जात नाही.

परवा निघताना मी तिच्या खोलीत डोकावले. ती स्टुलाशी उभी होती, ग्लास हातात. अर्धा प्यायली. उरलेल्या अर्ध्याकडे बघून क्षणभर तिनं हिशेब केला, मग ताटली झाकली आणि म्हणाली, "आज बुधवार ना? चल."